पोर्तुगीजमधून घरकामं विचारायची कशी? (मी कचरा धुवायला सांगून बसले)

निळीशाई

मंडळी, मदत हवी आहे. आधी किस्सा सांगते, पोटभर हसून घ्या, मग उत्तरं द्या.

मी सप्टेंबरपासून पोर्तुगालमध्ये, कोइंब्रात शिकतेय. घर भाड्याचं, चौथा मजला, लिफ्ट नाही. चौघं राहतो: मी, उत्तरेकडची एक पोर्तुगीज मुलगी, ब्राझीलच्या मिनासमधला एक मुलगा आणि एक इटालियन, जो घरात आहे की नाही हे फक्त सिंकमधल्या कॉफीच्या भांड्यावरून कळतं. कामाला बाई वगैरे भानगड नाही. भांडी, केर, फरशी, बाथरूम, कचरा, सगळं आपापसात. पहिले दोन महिने मी इंग्रजीवर ढकलले. मग म्हटलं, घरात राहून भाषा येणार नसेल तर वर्गात बसून काय येणार? एका रविवारी मोठ्या उत्साहाने फ्रिजवर कामांचा तक्ता लावला. पोर्तुगीजमध्ये. रंगीत पेनांनी.

आता गंमत बघा. 'धुणे' म्हणजे 'लव्हार' आणि 'नेणे' म्हणजेही, माझ्या कानाला तरी, 'लव्हार'च. लिहिताना पहिल्या अक्षराचा स्वर वेगळा: धुण्यात आ, नेण्यात ए. कचरा म्हणजे 'लीशू'. मी आ लिहिला. त्यामुळे दर बुधवारी, ठळक हिरव्या अक्षरांत: कचरा धुणे.

कोणी काही बोललं नाही. बुधवारी रात्री घरी आले तर कचऱ्याची पिशवी बाथटबमध्ये, शेजारी साबण, आणि वर टॉवेल घडी घालून. ब्राझीलवाला दारात उभा, चेहरा अगदी सरळ.

तर प्रश्न शब्दांचा आहेच, पण त्याहून जास्त विचारण्याचा आहे. मी जे काही बोलते ते पुस्तकातून पाठ केलेलं, त्यामुळे हुकूम सोडल्यासारखं वाटतं. "भांडी घास" म्हणायचं नाही, पण भांडी घासली गेली पाहिजेत. मराठीत आपण हे कसं सहज करतो! "अगं, भांडी राहिलीत का गं?" एवढं पुरतं. याला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात? आणि घरमालकीणबाईंशी, ज्या सत्तरीच्या आहेत आणि खालीच राहतात, काय बोलायचं?

टवाळ

कचरा वाळत कुठे घातला? चिमटे लावले होते का?

दोनपोरांचीआई

टवाळ, गप रे. निळीशाई, मी लिस्बनजवळ राहते, आठ वर्षं झाली. तुझा किस्सा वाचून मुलांना सांगितला, ती अजून हसतायत. (मुलं इथल्याच शाळेत आहेत, माझे उच्चार दुरुस्त करणं हा त्यांचा आवडता खेळ.)

सगळ्यात उपयोगाचं वाक्य आधी देते. "द कैं ए आ वेश?" म्हणजे "पाळी कोणाची?" तक्त्याकडे बघत, कोणाकडेही न बघता म्हणायचं. ज्याला कळायचं त्याला कळतं. उत्तर, "ए आ मीन्य वेश", माझी पाळी.

दुसरं, "ए प्रसीझु". याच्यापुढे कुठलंही काम लाव. "ए प्रसीझु लव्हार उ शांव." शांव म्हणजे जमीन, फरशी. याचं मराठी शब्दशः निघतं: "फरशी पुसायला हवी." कोणी पुसायला हवी ते बोलायचंच नाही. आपल्या सासवांनी शोधल्यासारखी रचना आहे.

आणि आपण सगळे मिळून करू असं म्हणायचं असेल तर "तेमुश द लिंपार आ काझा द बान्यु", बाथरूम साफ करायचंय आपल्याला. इथे 'आपण' आलं की माणसं उठतात.

पाहुणा_साओपावलो

कचरेवाल्या मुलावर माझा जीव जडला. मिनासचे लोक असेच, तोंडावर काही नाही, सगळं कृतीत.

त्याच्या बाजूने एक सांगतो. ब्राझीलमध्ये हा घोटाळा होऊच शकत नाही. आमच्याकडे स्वर चावून खात नाहीत, पूर्ण म्हणतात. धुणे म्हणजे 'लावार', नेणे म्हणजे 'लेवार', लख्ख वेगळे. त्यामुळे त्याला ती चूक वाचताक्षणी दिसली असणार.

तुमच्या घरात दोन पोर्तुगीज नांदतायत हे लक्षात ठेवा. एकाच कामाला दोघं दोन शब्द वापरतील आणि तुम्हाला वाटेल तुम्हीच वेड्या. बाथरूमला तिथे 'काझा द बान्यु', आमच्याकडे 'बान्येरू'. पोर्तुगालमध्ये बान्येरू म्हटलं तर समुद्रावरचा जीवरक्षक डोळ्यासमोर येतो. फ्रिजला तिथे 'फ्रिगुरीफिकु', इथे 'जेलादेरा'. कपडे वाळत घालायच्या दोरीला तिथे 'श्तेंदाल', इथे 'वाराऊ'. चिमट्याला ते 'मोला' म्हणतात, आम्ही 'प्रेगादोर'. "मी धुतोय" हे वाक्यसुद्धा वेगळं: तिथे "श्तो आ लव्हार", इथे "इस्तो लावांदू".

आणि आमचं रामबाण क्रियापद, 'पासार'. फडका मारणे पासार, इस्त्री करणे पासार, व्हॅक्यूम फिरवणे पासार, इतकंच काय, कॉफी गाळणे तेही पासार. पहिले सहा महिने मी या एका शब्दावर घर चालवलं. मशीन लावायला मात्र 'बातेर', म्हणजे आपटणे. "कपडे आपटायला टाकलेत" असं म्हणतात, मशीन कितीही महागाचं असो. दगडावरची सवय शब्दात राहिली, दुसरं काय.

शब्दखोर

छान धागा. थोडी भर.

निळीशाई, तुम्ही ज्या गावात बसून हे लिहिताय तिथेच १९१३ साली मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फु दालगादू यांचा आशियाई भाषांमधल्या पोर्तुगीज शब्दांवरचा ग्रंथ छापला गेला. दालगादू आपल्या गोव्याचे, आसगावचे (१८५५ ते १९२२). घरकामाचे आपले किती शब्द तिकडून आले ते त्यात सापडतं. बादली म्हणजे त्यांचं 'बाल्द'. चावी म्हणजे 'शाव्ह'. घमेलं म्हणजे 'गामेला'. पाव, बटाटा, कोबी सर्वांना माहीतच आहेत. पगारसुद्धा त्यांच्या 'पगार' या क्रियापदावरून, अर्थ पैसे देणे.

म्हणजे बादली घेऊन फरशी पुसणाऱ्या बाईला पगार देऊन चावी परत घेईपर्यंत आपण निम्मं पोर्तुगीजच बोलत असतो.

निळीशाई

शब्दखोर, दंडवत. पण या शब्दांनीच माझा घात केलाय. इस्त्रीसुद्धा पोर्तुगीजवरून आली असं कुठेतरी वाचलं होतं, 'श्तिरार' या शब्दावरून. मी धीटपणे घरमालकीणबाईंना विचारलं, "श्तिरार" करायला काही मिळेल का? त्यांनी मला योगासनांची चटई आणून दिली.

शब्दखोर

हाहा. व्युत्पत्ती तीच मानतात, पण 'श्तिरार'चा अर्थ ताणणे, पसरणे. कापड ताणून सुरकुती काढायची, तिथून आपल्याकडे इस्त्री. त्यांच्याकडे मात्र इस्त्रीला 'फेर्रू', म्हणजे लोखंड, आणि इस्त्री करणे म्हणजे 'पासार आ फेर्रू', लोखंडाने फिरवणे. तुम्ही मालकीणबाईंकडे अंग ताणायची सोय मागितलीत.

शब्द आपल्याकडे आला म्हणून अर्थ तिकडे थांबून राहिला असं नसतं. घमेल्याचंही तेच. तिथे 'गामेला' म्हटलं की लाकडी परात किंवा डुकराला खाणं घालायचं भांडं. घरात मागू नका.

साबणाबद्दल मात्र सावध. पोर्तुगीज 'सबांव' आणि आपला साबण ऐकायला जवळचे, म्हणून लोक धडाधड पोर्तुगीज ठरवतात. अरबी 'साबून' आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी पोचलेला होता.

मांडवीकाठ

बरेच दिवसांनी लिहितोय. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

मी पणजीचा. १९६१ च्या डिसेंबरात मी पोर्तुगीज शाळेत तिसऱ्या इयत्तेत होतो. घरात कोंकणी, आईची पोथी आणि चिठ्ठीचपाटी मराठीत, आणि पोर्तुगीज फक्त शाळेत आणि कचेरीत. त्यामुळे आमचं पोर्तुगीज कडक इस्त्रीचं. कवायतीसारखी क्रियापदं म्हटली, पण "केर काढलास का?" हे कधी त्या भाषेत कोणी विचारलं नाही. केर कोंकणीतच निघायचा. मात्र वस्तू सगळ्या तिकडच्या. खिडकी 'जनेल', खुर्ची 'कदेल', चमचा 'कुलेर'. आई पोर्तुगीजचं एक वाक्य बोलायची नाही, पण दिवसभर पोर्तुगीज वस्तू पुसायची.

आता दोन कामाच्या गोष्टी.

एक: नेणे आणि धुणे. ऐका नीट. धुण्यातला पहिला स्वर छोटा का होईना, आहे: 'ल-व्हार'. नेण्यातला जवळपास गिळलेला: 'ल्व्हार'. आपल्या तोंडाला हे अवघड नाही, जोडाक्षर आपल्याकडे आहेच. कचऱ्याला जोडाक्षर, भांड्यांना सुटं अक्षर. एवढं पाठ करा.

दोन, आणि हे महत्त्वाचं. तुम्ही विचारलं होतं "भांडी राहिलीत का" हे कसं म्हणायचं. पोर्तुगीज भाषा इथे इंग्रजीपेक्षा आपल्याला पुष्कळ जवळ आहे. प्रश्न असा: "झा लव्हाश्त आ लोइसा?" भांडी घासलीस का? आता उत्तर काय? पाठ्यपुस्तकवाला 'सीं' म्हणजे 'हो' म्हणेल. घरातला माणूस 'सीं' म्हणत नाही. तो म्हणतो, "लव्हेय." घासली. आपण काय म्हणतो? "जेवलास?" "जेवलो." "आलास?" "आलो." क्रियापदाला क्रियापदाने उत्तर. इंग्रजीतून पोर्तुगीज शिकणाऱ्याला हे वर्षभर बसत नाही. तुम्ही मराठीतून थेट जा, मध्ये इंग्रजीचा पूल कशाला? नसतील घासली तर "आइंद नांव", अजून नाही. हेही आपलंच.

दोनपोरांचीआई

काका, हे किती खरं आहे! आठ वर्षं तशीच उत्तरं देतेय पण कधी लक्षात आलं नव्हतं की हे मराठीसारखं आहे म्हणून सहज येतं.

अजून एक असंच. "झा व्हो!" शब्दशः "निघालोच", अर्थ आपला "आलोच!" आणि आपल्यासारखंच, जो म्हणतो तो येत नाही. माझा धाकटा खेळता खेळता दिवसातून वीस वेळा म्हणतो. ताट वाढून होतं, वरण गार होतं, "झा व्हो!" चालूच.

उंबरठा

मुलांवरून आठवलं. मी पोर्तोत पाच वर्षं होते, आता पुण्यात. तिथल्या ओळखीच्या बायका कौतुकाने सांगायच्या, "माझा नवरा घरात खूप मदत करतो." क्रियापद 'अझुदार'. मी मनात म्हणायचे, घर काय तुझ्या एकटीचं आहे? मग लक्षात आलं, आपल्याकडेही हेच वाक्य, याच सुरात. माझी आई वडिलांबद्दल हेच सांगते, त्यांनी गॅस बंद केला म्हणून.

तिथल्या तरुण मुली मात्र 'अझुदार' ऐकलं की लगेच टोकतात. त्यांचा शब्द 'दिव्हिदीर', वाटून घेणे. निळीशाई, चौघांच्या घरात तूही 'मदत' हा शब्द वापरू नकोस. "मला मदत कर ना" म्हटलंस की काम तुझं ठरतं.

टवाळ

मी घरात पासार करतो. वेळ.

उंबरठा

टवाळ, तुझ्या बायकोचा आयडी आहे का इथे?

टवाळ

गेलो.

पाहुणा_साओपावलो

उंबरठा, +१.

किस्से चाललेत तर माझाही. नवा होतो तेव्हा. गच्चीत कपडे वाळत होते, पावसाचे थेंब सुरू झाले. शेजारच्या काकू खाली अंगणात मैत्रिणींबरोबर. मला सांगायचं होतं की कपडे काढा, म्हणजे दोरीवरचे. मी वरून ओरडलो, "चिरा आ होपा!" होपा म्हणजे कपडे. बरोबरच आहे ना? नाही. दोरीचं नाव घेतलं नाही तर त्याचा अर्थ अंगावरचे कपडे उतरवा. अंगण शांत. मग एवढा हशा की पाऊस कपडे भिजवून गेला तरी कोणी हललं नाही.

मराठीतही "कपडे काढ" तसंच आहे म्हणा. पण आपल्याला संदर्भ कळतो, आणि आपण चौथ्या मजल्यावरून ओरडत नाही.

निळीशाई

पाहुणा, मी हे ग्रंथालयात वाचलं आणि बाहेर जावं लागलं.

सगळ्यांचे खूप आभार, काका तुमचे विशेष. "लव्हेय" आजच वापरलं. पोर्तुगीज मुलीने मान वर करून बघितलं, काही बोलली नाही, पण मला कळलं.

आता मालकीणबाईंचं सांगा. त्या गोड आहेत, पण मी त्यांना 'व्होसे' म्हटलं तर चेहरा बदलतो. ब्राझीलवाला तर सगळ्यांना व्होसेच म्हणतो.

दोनपोरांचीआई

अगं नको! ब्राझीलमध्ये 'व्होसे' म्हणजे साधं 'तू/तुम्ही', त्यात काही नाही. इथे मात्र जुन्या माणसांना ते उर्मट वाटतं. माझ्या शेजारच्या आजींना मी पहिल्या महिन्यात म्हटलं, तर त्या ताडकन म्हणाल्या, "व्होसे ए श्त्रबरीया." म्हणजे व्होसे हे तबेल्यात. इथली जुनी म्हणच आहे ती. मी घरी येऊन रडले होते. नंतर त्याच आजींनी मला खारवलेला मासा भिजवायला शिकवला.

बरोबरीच्यांना 'तू', उच्चार आपल्यासारखाच. आजींना 'आ सिन्योरा' किंवा 'दोना' लावून नाव. आणि खरी युक्ती म्हणजे सर्वनाम गाळून टाकायचं, नुसतं क्रियापद ठेवायचं. आपण नाही का, सासूबाईंच्या मैत्रिणीला अहो म्हणावं की अगं हे कळत नसलं की "चहा चालेल ना?" एवढंच म्हणतो.

मांडवीकाठ

अगदी बरोबर. आणि क्रियापद भूतकाळात ढकला, म्हणजे आदर आपोआप येतो. "शकता" नको, 'पुदीया', "शकत होता". "आ सिन्योरा पुदीया...", आणि शेवटी "स फाश फवोर". मराठीत आपण "जरा येता का?" ऐवजी "आला असता तर बरं झालं असतं" म्हणतो, तसं काम लांब नेऊन ठेवायचं. समोरचा माणूस स्वतः पुढे येऊन उचलतो.

मैत्रिणीशी "पोद्श पोर आ मेझा?" पुरेल. पानं मांडतेस का, एवढा अर्थ. मेझा म्हणजे टेबल. जेवणानंतर टेबल 'उचलतात', म्हणजे त्यावरचं आवरतात. पहिल्यांदा ऐकून आमचा एक भाऊ खरंच टेबल उचलायला गेला होता.

शब्दखोर

काका, तो भाऊ तुम्हीच ना?

मांडवीकाठ

वय झालं, आठवत नाही.

दोनपोरांचीआई

निळीशाई, हिवाळा तोंडावर आहे म्हणून भाषेबाहेरचं पण कामाचं लिहिते. यातले शब्द तुला लागणारच.

पहिली गोष्ट 'बोलोर', म्हणजे बुरशी. इथली जुनी घरं आतून थंड आणि ओली. जानेवारीत कपाटामागची भिंत काळी पडते, चामड्याच्या चपलांवर पांढरी लव येते. मी पहिल्या वर्षी देवघरातल्या लाकडी चौरंगाखाली बघितलं आणि हबकले. भिंतीला 'लिशीव्हिया' लावतात, म्हणजे ब्लीच. ब्राझीलवाल्याकडे मागितलंस तर त्याला तो शब्द कदाचित कळणार नाही, त्यांच्याकडे 'आग्वा सानितारिया'. पातळ करून लाव, खिडकी उघडी ठेव, आणि त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नकोस, विषारी वायू तयार होतो. रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघडायच्या, कितीही थंडी असली तरी.

कपडे वाळणं हा हिवाळ्यातला अध्याय वेगळाच. जीन्सला चार दिवस. काचा लावून बंद केलेली गॅलरी असते ना, तिला 'मर्कीझ' म्हणतात, तिथे मशीन आणि दोऱ्या. नसेल तर खिडकीबाहेर. वरच्यांचे कपडे ओले असले की खालचीचे परत ओले, त्यावरून भांडणं होतात. डाग घासायला निळी-पांढरी वडी आण, 'सबांव अझूल इ ब्रांकु'. आपल्या जुन्या कपडे धुवायच्या वडीची बहीण. कॉलरवर ती घासली की दुसरं काही लागत नाही.

आणि विजेचं बिल बघ. मीटर दोन दरांचा असेल, म्हणजे 'बि-ओरारिया', आणि दैनिक चक्र असेल तर रात्री १० ते सकाळी ८ वीज स्वस्त. म्हणून अर्धा देश दहानंतर मशीन लावतो. पण रात्री ११ ते सकाळी ७ शेजाऱ्यांचा आवाज झाला तर पोलीस येऊन तो बंद करायला सांगू शकतात, तसा नियम आहे. म्हणजे दहाला लावलेलं मशीन साडेअकराला पिळायला लागलं की खालून झाडूच्या दांड्याने ठोकतात. झाडू म्हणजे 'व्हसोरा'. हा शब्द मी असा शिकले.

निळीशाई

ते ठोकणं मालकीणबाईंचंच होतं तर! मला वाटायचं पाइपातून आवाज येतो.

पाहुणा_साओपावलो

मेलो हसून.

रच्याकने, कामाला बाई हा विषय निघाला होता. पोर्तुगालमध्ये रोजावर येणाऱ्या बाईला 'मुल्येर अ दीयश' म्हणतात, शब्दशः दिवसांची बाई. आमच्याकडे 'जियारिस्ता'. ब्राझीलमध्ये घरकामगारांना इतर कामगारांसारखे हक्क देणारी घटनादुरुस्ती २०१३ साली झाली आणि २०१५ मध्ये तिचा सविस्तर कायदा आला. कामाचे तास, जादा कामाचे पैसे, सगळं लेखी. माझ्या ओळखीच्या घरांत तेव्हा पहिल्यांदा मालकांनी स्वतः फडका हातात घेतला, आणि फडका कुठे ठेवलेला असतो हे विचारायला बाईंनाच फोन केला.

उंबरठा

आपल्याकडे हे व्हायला किती वर्षं लागतील? असो, तो वेगळा धागा.

दोनपोरांचीआई

अजून एक, निळीशाई. राहिलीस तर पुढेमागे पोर्तुगीजची अ-२ (प्राथमिक) पातळीची परीक्षा द्यायचा विचार करशील. तोंडी परीक्षेत मला हेच विचारलं होतं: घरात कोण काय करतं, आठवड्यातून किती वेळा करतं. त्यासाठी 'कुश्तुमार' हे क्रियापद घोकून ठेव. "कुश्तूमश कुझिन्यार?" स्वयंपाक करतेस का सहसा? मी उत्तर दिलं की रोज दोनदा, आणि पोळ्या कशा करतात ते हाताने दाखवलं. परीक्षक बाई लिहायचं थांबून बघत बसल्या. परदेशी लोकांसाठी सरकारी वर्गही असतात, फुकट, चौकशी कर.

निळीशाई

पंधरा दिवसांनी परत आलेय. अहवाल देते.

तक्ता बदलला. 'धुणे' खोडलं नाही, ब्राझीलवाल्याने खोडू दिलं नाही. त्याच्या खाली त्याने बाथटबमध्ये बसलेल्या कचऱ्याच्या पिशवीचं चित्र काढलंय, डोक्यावर फेस. आता सगळे कचऱ्याला 'आंघोळ' म्हणतात. इटालियनसुद्धा. तो परवा स्वतः म्हणाला की आंघोळीची पाळी त्याची आहे. घरातला ऐतिहासिक क्षण.

"द कैं ए आ वेश" चालतं. "ए प्रसीझु" तर इतकं चालतं की आता माझ्यावरच वापरतात. मालकीणबाईंना सर्वनाम गाळून, भूतकाळात, लांबून विचारलं की रात्रीचं मशीन आठला लावलं तर चालेल का. त्या म्हणाल्या चालेल, आणि वाटीभर भोपळ्याचा जॅम दिला. व्हसोरा बंद.

पण एक गोष्ट तुमच्यापैकी कोणीच सांगितली नव्हती, ती मला काल घरात सापडली. मी भांडी तशीच ठेवून फोनवर बोलत बसले होते. पाळी माझी. पोर्तुगीज मुलगी आत आली, सिंककडे बघितलं, बाह्या वर केल्या, नळ सोडला. मी म्हटलं, "झा व्हो, झा व्हो!" ती न वळता म्हणाली, "दैश श्तार. एउ फासु."

राहू दे. मी करते.

शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते, पण तो सूर! माझी आई स्वयंपाकघरात, पाठमोरी, पातेल्याचा जरा जास्तच आवाज करत. मी फोन ठेवून धावत गेले आणि तिच्या हातातून घासणी ओढून घेतली.

उंबरठा

दैश श्तार! पोर्तोत पाच वर्षं ऐकलंय. त्यानंतर हातातलं सगळं टाकून पळायचं असतं.

दोनपोरांचीआई

आजच नवऱ्याला म्हटलं. मराठी माणूस, पोर्तुगीज येत नाही, तरी उठला.

मांडवीकाठ

बरं झालं लिहिलंत. शाळेत हे वाक्य नव्हतं. 'फासु' म्हणजे 'करते', बरोबर. पुढच्या वेळी तिने म्हणायच्या आत तुम्ही म्हणा, मग जॅम तिच्याकडून मिळेल.

टवाळ

आलो परत. कचरा आंघोळ करून आला का?

निळीशाई

आज बुधवार. चार जिने, दोन पिशव्या, बाहेर पाऊस. ए आ मीन्य वेश. ल्व्हार, जोडाक्षराने. झा व्हो.